नकुशा आणि धोंडू : दोन नावांचा अर्थविचार

कोणतेही नाव उच्चारले असता त्यात नाद असतो, अर्थ असतो आणि हेतू असतो. नाद कानाला कळतो, अर्थ कोशात सापडतो. हेतू मात्र नाव ठेवणाऱ्याच्या अंतःकरणात राहतो आणि तो कोणत्याही कोशात लिहिलेला नसतो. शास्त्राध्ययन करणारा साधक वचनाचा केवळ शब्दार्थ पाहून थांबत नाही. ते वचन कोणत्या प्रसंगी आणि कोणास उद्देशून निघाले, याचा तो शोध घेतो. म्हणूनच सूत्राचा अर्थ लावताना लीळेचा आधार घ्यावा लागतो. हाच न्याय मनुष्यांच्या नावांना लावून पाहिला असता काही नावे निराळीच दिसू लागतात. सातारा आणि सांगली या प्रदेशातील दोन नावे येथे विचारार्थ घेतली आहेत : धोंडू आणि नकुशा. (सांगली हा १९४९ पर्यंत पृथक् जिल्हा नव्हता. त्या वर्षी झालेल्या 'दक्षिण सातारा' जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली असे नामकरण झाले. तेव्हा लोकरीतीच्या दृष्टीने हा सारा कृष्णाकाठ एकच समजावा.) दोन्ही नावे आज दुर्मिळ झाली आहेत, दोन्ही वरवर पाहता निंदावाचक आहेत, आणि दोहोंची गणना एकाच प्रकारात करण्याची चूक पुष्कळांकडून होते.

प्रथम धोंडू. धोंडा म्हणजे ओबडधोबड पाषाण, हा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु या नावात तीन प्रवाह मिसळलेले आहेत. ढुंढिराज किंवा धुंडिराज हे गणपतीचे नाव आहे. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद असे होते. अशा धुंडिराजांचे घरोघरी धोंडो किंवा धोंडोपंत झाले. दुसरा प्रवाह अधिक मासाचा. सुमारे तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्यास लोक धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जन्मलेल्या बालकास धोंडू म्हणण्याचा प्रघात होता. तिसरा प्रवाह सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद आहे. ज्या घरी दोन-तीन मुले पाठोपाठ दगावली, त्या घरी पुढे जन्मलेल्या मुलास धोंडू, दगडू असे नाव देत. गोंडस नावाच्या सुंदर बालकावर दृष्ट पडते, मृत्यूला त्याचा लोभ सुटतो; धोंड्याला मात्र कोण उचलून नेणार, अशी ती समजूत होती.

या नावास लिंगभेद नव्हता, ही येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मुलगा झाला तर धोंडू, धोंडो, धोंडिबा, धोंडिराम. मुलगी झाली तर धोंडू, धोंडाबाई, धोंडूताई. दगडूची दगडाबाई होई. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव, आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका, कोल्हापूर येथे १९२७ मध्ये जन्मलेल्या कुलकर्णी, ह्या धोंडूताई. दोघांच्या नावाचे मूळ रूप एकच आहे. मराठी नावांत पुरुष आणि स्त्री यांना समान लागू पडणारी नावे फार थोडी. त्या थोड्यांत पाषाणाचे हे नाव येते.

अशा नावांचे कुल मोठे आहे. केरकचऱ्यावरून केरू आणि केरबा, उकिरड्यावरून उकिरडा, भिक्षेवरून भिकू, भिकाजी आणि भिकूबाई. फकिराच्या आशीर्वादाने झाला तो फकीरा. वाळवे तालुक्यातील वाटेगावी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ च्या कादंबरीने हे नाव महाराष्ट्रभर पोहोचविले. सटवाईच्या कृपेने वाचला तो सटवाजी. बंगालमध्ये तिनकडी आणि पाचकडी अशी नावे आढळतात. तेथे बालक दुसऱ्याच्या स्वाधीन करून तीन किंवा पाच कवड्यांना परत विकत घेत, म्हणजे ते आपले नव्हेच असे मृत्यूस भासवीत. हा खटाटोप आज हास्यास्पद वाटेल. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मणाऱ्या हजार अर्भकांपैकी दोनशेहून अधिक अर्भके वर्ष पुरे होण्यापूर्वीच जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू येत नाही. देवी, पटकी, धनुर्वात यांच्यापुढे ज्या मातेजवळ काहीच उपाय नव्हता, तिच्याजवळ नाव हा एक उपाय होता. लसीकरण आले, सूतिकागृहे झाली, मुले वाचू लागली, आणि धोंडू हे नाव आपोआप मागे पडले. कोणी चळवळ केली नाही, कोणी ठराव केला नाही; प्रयोजन संपले आणि नाव संपले.

तत्त्वदृष्ट्या पाहता या प्रथेच्या मुळाशी देवतांचे भय आहे. सटवाई असो वा दृष्ट असो, जीव त्या भयाने वाकतो आणि तिला फसवू किंवा आळवू पाहतो. फलटण हे सातारा जिल्ह्यातील स्थान पंथीयांस निराळे सांगावे लागत नाही. तेथील जनकनायक व जनकाइसा यांस पुष्कळ काळ अपत्य नव्हते. आराधनेनंतर पुत्रप्राप्ती झाली म्हणून ज्या देवतेची आराधना केली तिचेच चांगदेव हे नाव त्यांनी पुत्रास ठेविले, असे चरित्रपरंपरा सांगते. तेच श्रीचांगदेव राऊळ, अर्थात् श्रीचक्रपाणी महाराज. नाव देणारे दांपत्य देवतेकडे पाहत होते, आणि ज्याला नाव दिले तो देवतांच्या पलीकडील होता. नाव ठेवणाऱ्याचा हेतू आणि नाव धारण करणाऱ्याचे स्वरूप यांत केवढे अंतर असू शकते, याचे याहून थोर उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता नकुशा. 'नको' या निषेधवाचक शब्दास 'सा, शी, से' हा सादृश्याचा प्रत्यय लागून नकोसा, नकोशी, नकोसे अशी रूपे होतात. कृष्णाकाठच्या बोलीत त्यांचे नकुसा, नकुशी, नकुशा झाले. व्याकरणाच्या दृष्टीने येथे एक चमत्कार दिसतो. हा शब्द तिन्ही लिंगांत चालतो : उन्हाळा नकोसा होतो, गर्दी नकोशी वाटते, जिणे नकोसे होते. 'नकुसा' हे रूप तर सरळ पुल्लिंगी आहे. असे असूनही हे नाव मुलास कधी मिळाले नाही. शब्द तिन्ही लिंगांचा आणि नाव मात्र एकाच लिंगाचे. धोंडूच्या बाबतीत पुल्लिंगी शब्द दोघांनाही वाटून दिलेला होता. येथे सर्वांचा असलेला शब्द एकटीच्या वाट्यास आला.

जुन्या शास्त्रकारांनी मुलींच्या नावांविषयी काही नियम घातले आहेत. अक्षरे विषम असावीत, नाव सुखाने उच्चारता यावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, शेवटी दीर्घ स्वर असावा आणि नाव मंगल असावे, असे त्यांचे म्हणणे. नकुशा या नावात अक्षरे तीन आहेत, उच्चार मृदू आहे, अंती दीर्घ आकार आहे आणि अर्थ तर नको तितका स्पष्ट आहे. मांगल्य तेवढे सोडून सारे नियम पाळले गेले. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाने हे नाव ऐकले तर त्यास ते गोडच वाटेल. एका हिंदी दूरचित्रवाणी मालिकेतील नायिकेस २००९ मध्ये हेच नाव दिले गेले आणि देशभर ते ऐकू गेले.

या नावाचा हेतू असा. एक, दोन, तीन कन्या झाल्यावर पुन्हा कन्याच झाली, तर तिला नकुशा म्हणावे, म्हणजे दैवास आपले मनोगत कळेल आणि पुढच्या खेपेस पुत्र होईल. नाव हाक मारण्यासाठी असते. हे नाव मात्र मुलीला उद्देशून नव्हतेच. तिच्या डोक्यावरून पलीकडे देवतेकडे धाडलेला तो निरोप होता, आणि निरोपाचा कागद म्हणजे ती मुलगी. अशी रीत केवळ येथेच होती असे समजून कोणी सातारकरांस दूषण देऊ नये. तामीळ देशात 'वेण्डाम' म्हणजे अक्षरशः नको, बंगालमध्ये 'आन्नाकाली' म्हणजे काली माते, आणखी नको, राजस्थान-हरियाणाकडे 'भतेरी' आणि 'धापू' म्हणजे पुष्कळ झाल्या, पोट भरले, अशी मुलींची नावे आहेत. चीन देशात मुलीस धाकट्या भावाला बोलावून आण अशा अर्थाचे नाव ठेवीत.

धोंडू आणि नकुशा ही नावे एका माळेतील नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. दोन्ही नावे देवतेस ऐकविण्यासाठीच ठेविली जात. परंतु धोंडू म्हणणारी माता खोटे बोलते, आणि तिचे सारे वात्सल्य त्या खोट्यातच असते. जे तिला सर्वांहून हवे आहे त्यास ती नको म्हणते. नकुशा म्हणणारे घर खरे बोलते. पहिल्या नावात निंदा हे पांघरूण आहे, दुसऱ्या नावात निंदा हेच वक्तव्य आहे. या दोहोंमधील दुवा म्हणजे नथू हे नाव. मुलगे जगत नसत अशा घरी नव्या मुलाचे नाक टोचून त्यास नथ घालीत आणि नथू, नथोबा म्हणत. मृत्यूला तो मुलगी वाटावा आणि मुलगी कोणालाच नको असल्यामुळे त्याने सोडून जावे, अशी ती कल्पना. म्हणजे मुलास वाचविण्यासाठी मुलीचे सोंग पुरत होते. 'नकुशा' हा शब्द न उच्चारताही तोच अर्थ नथू या लाडक्या नावात दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

येथे एक खुलासा करणे न्याय्य होईल. जिचे नाव नकुशा, तिला घरात कोणी जीव लावलाच नाही असे नव्हे. नाव बहुधा आजी-आजोबा ठेवीत; प्रसूतेचे मत कोणी विचारीत नसे. पुढे तीच मुलगी घराचा आधार झाल्याची उदाहरणे गावोगाव सांगतात. परंतु शाळेच्या पटावर नाव चढले म्हणजे ते घरच्या मायेच्या बाहेर जाते. हजेरी घेताना ते रोज मोठ्याने वाचले जाते, आणि अर्थ साऱ्या वर्गाला कळतो. सातारच्याच शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव लिहिले गेले होते. पटावरील एका नोंदीपासून काय काय घडू शकते हे त्या नगरीस शिकवावे लागू नये.

सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगावच्या नकुशांची गणना केली, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे दिली. प्रत्येकीस नव्या नावाचे प्रमाणपत्र मिळाले. नावे मुलींनी स्वतः निवडली, हे त्या उपक्रमाचे मर्म होय. कोणी चित्रपटतारकेचे ऐश्वर्या हे नाव घेतले, कोणी वैशाली झाली, कोणी सावित्री. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात आहे, तेव्हा ते नाव आपल्या मातीतूनच उचलले गेले. निवडलेल्या नावांत आणखी एक नाव होते, त्याचा अर्थ पाषाणासारखी कणखर असा वृत्तांतून प्रसिद्ध झाला : अश्मिता. 'अश्म' म्हणजे दगड. मधला वर्ण 'स' धरून अस्मिता म्हटले, तर अर्थ होतो मीपणाची जाणीव, स्वतःची ओळख. दोन्ही अर्थ तिला शोभणारेच आहेत. पूर्वी माता मृत्यूला फसविण्यासाठी मुलीस धोंडा म्हणत असे. येथे एका मुलीने लोकांनी दिलेले नाव टाकून स्वतःहून पाषाणाचे नाव घेतले. शब्द जवळजवळ तोच, हेतू पूर्ण पालटलेला.

नको झालेल्या अपत्यास नवे नाव मिळण्याची कथा पुरातन आहे. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताच्या तीन पुत्रांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशी येतात. तिन्हींचा अर्थ श्वानाच्या शेपटाकडे जातो, आणि तिन्ही धोंडूच्या जातीची असावीत असे वाटते. पुत्राचा विक्रय करण्याची वेळ आली तेव्हा पित्याने थोरल्यास मागे ठेविले, मातेने धाकट्यास. मधला शुनःशेप कोणालाच नको झाला आणि शंभर गाईंवर बळी म्हणून विकला गेला. तो यूपापासून सुटला, तेव्हा विश्वामित्रांनी त्यास पुत्र मानिले आणि देवरात, म्हणजे देवाने दिलेला, असे नाव दिले. पिता त्यास परत मागू लागला. तो गेला नाही. कोणी म्हणेल, नाव पालटल्याने काय होते? शुनःशेपाच्या बाबतीत नाव पालटले तेव्हा त्याचे घरही पालटले. २०११ च्या समारंभानंतर मुली मात्र त्याच घरी परत गेल्या. म्हणून त्या घरांनीही नवे नाव जिभेवर रुळविले की नाही, यावर त्या प्रमाणपत्राचे मोल ठरणार होते.

परमार्गाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक सोपा आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत स्त्रीत्व-पुरुषत्व हे देहाकडे, म्हणजे प्रपंचाकडे पडते. जीवास लिंग नाही. जीव अनादि आहे, तो कोणाच्या इच्छेने उत्पन्न झालेला नाही, मग तो कोणाच्या अनिच्छेने नकोसा कसा ठरेल? सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या सन्निधानी असलेल्या स्त्रियांची नावे पाहावीत : बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा. मूळ नाव कोणतेही असो, शेवटी तो आदराचा 'सा' येतोच. नागुबाईच्या बाइसा झाल्या, रूपाईच्या महदाइसा झाल्या आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात गणल्या गेल्या. 'सा' हेच अक्षर नकुसातही आहे. तेथे ते सादृश्याचा प्रत्यय आहे, येथे आदराचा. लेखनात भेद नाही.

नको असलेल्या मुलीचे नाव कोठवर जाऊ शकते याचे अलीकडचे उदाहरण वर्धा जिल्ह्यातील आहे. तेथे १९४८ मध्ये जन्मलेल्या एका मुलीस घरचे लोक चिंधी म्हणत, म्हणजे फाटक्या वस्त्राचा तुकडा. त्याच पुढे अनाथांच्या माई, सिंधुताई सपकाळ झाल्या. ज्यांना कोणीच नाव देत नव्हते अशा शेकडो मुलांना त्यांनी पोटाशी धरले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचा अंत्यविधी महानुभाव पंथाच्या रीतीने भूमीत झाला, हे बहुतेक वाचकांस स्मरत असेल.

नकुशा हे नाव आता नव्याने ठेविलेले फारसे ऐकू येत नाही. परंतु धोंडू नाहीसा झाला तो मुले वाचू लागली म्हणून. नकुशा नाहीशी होण्याचे कारण तसेच आहे असे म्हणता येत नाही. १९८० नंतर गर्भजलपरीक्षा आणि पुढे सोनोग्राफी हाती आली, आणि दैवास निरोप धाडण्याची आवश्यकताच उरली नाही. पूर्वी नको असलेली मुलगी निदान जन्माला येई, तिचे कसेबसे बारसे होई आणि आत्या तिच्या कानात काहीतरी म्हणे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ निघाल्या; राज्याचे प्रमाण तेव्हा ९१३ होते. सांगली म्हणजे ऊस, द्राक्षे आणि हळद यांचा सधन जिल्हा; त्याच जनगणनेत गडचिरोलीसारख्या अरण्यमय व निर्धन जिल्ह्यातील प्रमाण सांगलीहून पुष्कळ वर होते. तेव्हा दारिद्र्यामुळे मुली नकोशा होतात, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे टिकत नाही. २०११ च्या गणनेत सातारा ८९५ वर आणि सांगली ८६७ वर आली, राज्य मात्र ८९४ पर्यंत उतरले. साताऱ्याच्या या चढत्या आकड्यामागे आरोग्य खात्याचे आणि वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाचे दीर्घ परिश्रम आहेत. बेकायदा गर्भलिंगनिदान करणाऱ्यांना पुराव्यानिशी पकडून देण्याचे कठीण काम या अभियानाने केले, आणि देशपांडे यांस २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्याविषयक पुरस्कार मिळाला.

सांगली जिल्ह्यात मिरजेजवळ म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातात एक विवाहिता मरण पावली. तिच्या मृत्यूचा तपास चालू असता ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले. ज्यांना नकुशा असेसुद्धा नाव मिळाले नाही, त्यांची गणती त्या वेळी अशी उकरून करावी लागली.